अंग चोरा, युनिट वाचवा

राजेहो, डिसेंबर लागला का सल्ले सुरू होतात. गीझर कमी डिग्रीवर ठेवा, खिडक्यांना डबल काच लावा, छतावर सोलर टाका, जुनं वायरिंग बदला. सगळे सल्ले बरोबरच असतात, फक्त ते ज्याचं स्वतःचं घर आहे त्याच्यासाठी असतात. आपण भाड्याच्या खोलीतले. खिडकी मालकाची, छत मालकाचं, वायरिंग मालकाच्या बापाच्या वेळचं आणि मीटर मालकाच्या ओसरीत. मी विदर्भात वणीकडच्या एका खेड्यात सात वर्षांपासून भाड्यानं राहतो, शाळेवर मास्तर आहे, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो, आणि सात हिवाळ्यांनंतर माझं मत पक्कं झालंय का भाडेकरूला खोलीत बदलता येण्यासारखी एकच वस्तू असते, तो स्वतः. तर स्वतःला कसं बदलायचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे थंडी आहे हेच मानू नका. माझा पुण्याचा साडू दरवर्षी फोनवर विचारतो, विदर्भात कुठली आलीय थंडी, तिकडे तर अंडी उन्हात उकडतात ना. त्याला वाद घालू नका. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 डिग्रीवर उतरला होता हे सांगायची गरज नाही, त्याच्या डोक्यात वर्षाचे बाराही महिने मे चालू असतो. आणि गंमत म्हणजे आमचे घरमालक, म्हणजे काकाजी, त्यांचंही मत साडूसारखंच आहे. "हे काय थंडी हाय का सर? हे तं हवा हाय." हे म्हणताना त्यांच्या अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर आणि मांडीवर पितळी शेगडी असते, पण ते सोडा.

दुसरं, मीटर समजून घ्या. इथं जरा थांबून वाचा कारण सगळा खेळ इथंच आहे. काकाजींच्या वाड्यात पाच खोल्या भाड्याच्या, सहावं त्यांचं घर, आणि या सगळ्यांचं मिळून वीज कंपनीचं मीटर एक. प्रत्येक खोलीला बाजारातून आणलेलं छोटं सबमीटर. आता घरगुती विजेचा भाव स्लॅबनं चालतो, 100 युनिटांपर्यंत स्वस्त, 101 ते 300 मध्ये दर दुपटीहून जास्त, मग 301 ते 500, मग त्याच्याही वर. सहा बिऱ्हाडं जर आपापल्या मीटरवर असती आणि प्रत्येकानं 60 युनिट जाळले असते तर सहाही जण स्वस्तातल्या स्लॅबमध्ये बसले असते. पण सगळे एकाच मीटरवर, म्हणून 360 युनिट, म्हणजे गरिबांच्या सहा चुली मिळून एक श्रीमंत बंगला तयार होतो आणि त्याला बंगल्याचा भाव लागतो. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. काकाजी हे सगळं बिल चष्मा लावून वाचून दाखवतात आणि म्हणतात, पाहा सर, शेवटचा युनिट केवढ्याले पडून रायला, म्हणून सगळ्यायले 14 रुपये. मी एकदा विचारलं का काकाजी, शेवटचा युनिट महाग पण पहिले 100 तर स्वस्त असतात, ते कोणाच्या वाट्याले? तर म्हणाले, ते माझे, मी सगळ्यात आधी उठतो.

वेगळं मीटर मागून पाहा म्हणाल तर जरूर मागा. मी मागितलं होतं, तर काकाजी हसले आणि म्हणाले, मागा ना सर, मले बी एप्रिलपासून खोली पोरासाठी पायजेच होती. पोरगा बंगलोरला आहे, त्याचा इकडे यायचा विचार दहा वर्षांत नाही.

आता रॉड. गीझर हा शब्द आपण पेपरात वाचायचा, खोलीवाल्याचा गीझर म्हणजे पाणी तापवायचा रॉड, 1500 वॅटचा, प्लास्टिकच्या बादलीला अडकवलेला. वीस लिटरची बादली 18 डिग्रीवरून 45 वर न्यायला किती लागतं याचा साधा हिशोब आहे, 0.6 युनिटच्या वर थोडं, म्हणजे काकाजींच्या भावानं जवळपास नऊ रुपयांची आंघोळ. घरात तीन माणसं असली तर महिन्याला आठशे रुपये नुसते मोरीतून वाहून जातात. माझं ऑक्टोबरचं बिल 55 युनिटांचं, जानेवारीत तेच 110 च्या पुढं.

बरं, पूर्ण व्होल्टेज असेल तर ही बादली 25 मिनिटांत तापते. पण आमच्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सकाळी सहाला अख्खं गाव रॉड लावतं आणि मोटरी वेगळ्या, त्यामुळं 230 च्या जागी 180 येतं. वर्गात मी शिकवतो का रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे 180 वर रॉड 61 टक्केच उरतो आणि 25 मिनिटांची बादली 40 मिनिटं घेते. युनिट मात्र तेवढेच लागतात, थोडे जास्तच, कारण तापता तापता बादली निवतेही. पण हे विज्ञान काकाजींना कोण सांगणार? काकाजी युनिट मोजतच नाहीत, ते मिनिटं मोजतात. त्यांची बाज मीटरच्या समोर आहे आणि मीटरवरचा लाल दिवा जोरात लुकलुकायला लागला का ते तिथूनच आवाज देतात, "कोनाच्या खोलीत लागला बे रॉड? लाइट लय फडफड करून रायला!" मग पाचही खोल्यांतून एकाच वेळी उत्तर येतं, आमचा नाही काकाजी.

म्हणून माझा सल्ला, काकस्नान करा. काकाजींच्या वाड्यात काकस्नानच शोभतं. आणि मळ हाही शेवटी एक थरच आहे, थरांमुळं थंडी कमी वाजते असं आमच्या सातवीच्या पुस्तकात नसलं तरी मी पोरांना सांगतो.

बायकोनं यावर दोन उपाय काढले होते. एक म्हणजे पाणी गॅसवर तापवायचं, कारण 14 रुपयांच्या युनिटाशी तुलना केली तर 14.2 किलोच्या सिलेंडरवर तेवढंच पाणी स्वस्तात तापतं, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि तिचंच बरोबर निघालं. पण सिलेंडर मग महिन्याच्या विसाव्या दिवशी संपतो आणि उरलेले दहा दिवस आपण काय खायचं याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. दुसरा उपाय, आंगणात तीन विटांची चूल मांडून तुराट्या न् पऱ्हाट्या जाळायच्या. फुकट काम. दोन दिवस मस्त चाललं, पाण्याला धुराचा वास यायचा, मला माझी आजी आठवली. तिसऱ्या दिवशी काकाजींनी भिंत दाखवली. काळी पडली होती. पेंटिंगचे पैसे डिपॉझिटमधून.

खोलीच्या आतल्या थंडीचा विषय वेगळा. विदर्भातलं घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं असतं, हिवाळा आमच्याकडे बिनबुलाया पाहुणा. खिडकी म्हणजे मुळात कूलरसाठी भिंतीला पाडलेलं भोक. कूलर लोखंडी, त्याचा पाय गंजून ग्रिलला चिकटलेला, काढायचा म्हटलं तर ग्रिलसकट निघेल, म्हणून तो बारा महिने तिथंच. मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड लागत नाही आणि डिसेंबरात तीच हवा न मागता एसी होते. खालून दाराची फट, वरून टिनं. टिनाची खोली रात्री दोन वाजता आभाळापेक्षा थंड असते असं माझं निरीक्षण आहे, त्याला विज्ञानाचा आधार मागू नका.

यावर उपाय फ्लेक्स. गावात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, चौकात दहा बाय आठचा शुभेच्छांचा बोर्ड लागतो, आठ दिवसांनी तो उतरला का पोट्टे मंडळ तो कुत्र्याच्या छपराला वापरतं. त्याच्या आधी आपण गाठायचा. मी मागच्या वर्षी एका भावी आमदाराचा फ्लेक्स कूलरवर आतून ठोकला, हवा साफ बंद. रात्री लाइट घालवल्यावरही त्यांचे दात दिसतात, पोरगी घाबरायची सुरुवातीला. पण मी छातीठोकपणे सांगतो, या भागात कोणत्याही नेत्यानं माझ्यासाठी केलेलं हे एकमेव ठोस काम आहे.

माझा पुतण्या जर्मनीत असतो, तो सांगत होता का तिकडं रशियाचा गॅस तुटला तेव्हा 2022 च्या सप्टेंबरपासून सरकारी हापिसांत 19 डिग्रीच्या वर तापवायचं नाही असा नियमच केला, लोक कोट घालून कामाला बसायचे. मी म्हटलं बापू, आमच्या खोलीत 19 डिग्री म्हणजे फेब्रुवारीतली दुपार. आमच्या शाळेत तर नियम करायची वेळच येत नाही, आम्ही वर्गच उन्हात भरवतो आणि सावली सरकली का फळा सरकवतो.

एक गोष्ट मात्र मस्करीतही सांगणार नाही. दारं-खिडक्या लावून, फटीत कपडे कोंबून, खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. बिल वाचतं, पण भरायला कोणी राहत नाही.

शेकायचंच असेल तर चौकात जा. टपरीसमोर रोज संध्याकाळी शेकोटी असते, टायरचा तुकडा, तुराटी, कोणाच्या तरी कुंपणाची बल्ली. उष्णता फुकट पण बसायचं भाडं असतं. तिथं तुम्हाला कापसाचा भाव, सरपंचाची भानगड आणि मास्तर लोकायले फुकटचा पगार भेटते हे तिन्ही विषय रोज ऐकून घ्यावे लागतात. मी हे ऐकत ऐकत तळवे शेकतो. पुढून भाजतं, पाठीमागून गोठतं, म्हणून दर पाच मिनिटांनी भाकरीसारखं उलटायचं.

त्या शेकोटीजवळून रात्रभर कोळशाचे ट्रक जातात. आमच्या पायाखाली कोळसा आहे हो, वणी, बल्लारपूर, उमरेड, सगळा पट्टा. चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं. तिथून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक लाइन गेलीय, मुंबईच्या अलीकडं, 1500 मेगावॅट वाहून न्यायची तिची क्षमता. मी रॉडच्या भाषेत हिशोब काढला, 1500 मेगावॅट म्हणजे दहा लाख रॉड एकाच वेळी. दहा लाख बादल्या! आणि आपल्याकडे धूळ येते, खोकला येतो आणि 180 व्होल्ट. पण अशी तक्रार करू नये. त्यापेक्षा त्या लाइनच्या टॉवरकडे पाहून मनातल्या मनात ऊब घ्यावी, आपल्या घरच्या कोळशानं कुठंतरी कोणीतरी कोमट पाण्यानं आंघोळ करतंय ही भावनासुद्धा बिनायुनिटची आहे.

एवढं करूनही थंडी वाजत असेल तर शेवटचा उपाय, हा मात्र हमखास आहे. ज्या आठवड्यात रातची लाइन असते, म्हणजे शेतातल्या मोटरीला वीज रात्रीच मिळते, त्या आठवड्यात कोणत्याही ओळखीच्या शेतकऱ्यासोबत ओलिताला जा. मी गेलो होतो एकदा, माझ्या वर्गातल्या एका पोराच्या बापासोबत, जानेवारीत, हरभऱ्याला पाणी द्यायला. रात्री साडेबाराला थ्री फेज आली. त्यानं चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि सरळ पाण्यात उतरला, एका हातात फावडं, तोंडात बॅटरी, कान डुकराच्या आवाजाकडे. मी बांधावर दोन ब्लँकेटांत. मी म्हटलं भाऊ, थंडी नाही वाजत का? तो म्हणाला, वाजते ना सर, पन पाणी कोन दाबन? तीन वाजता लाइन गेली, अर्धं वावर राहिलं. तो तसाच ओल्या पायानं बांधावर बसून लाइन यायची वाट पाहत होता, आणि मी सकाळी खोलीवर आलो तर टिनाची ती खोली मला गरम लागली. दोन दिवस लागत होती. तिसऱ्या दिवशी परत थंड झाली, पण दोन दिवस रॉड बंद म्हणजे पन्नासेक रुपये वाचले.

सोलरचं राहिलं. सरकारनं 2024 मध्ये घराच्या छतावर सोलरची योजना आणली, 78 हजारांपर्यंत अनुदान. भाडेकरूला छतच नाही त्यामुळं आपला संबंध नाही, पण काकाजींनी बसवलं, तीन किलोवॅटचं. मी खूष झालो. रॉडपेक्षा ऊन बरं, ऊन तर देवाचं. पहिल्या महिन्याचं बिल आलं, काकाजींनी नेहमीसारखा चष्मा लावला आणि वाचून दाखवलं, जेमतेम स्थिर आकार न् किरकोळ. सगळे भाडेकरू ओसरीत जमलेले. मी विचारलं, मग काकाजी, आता युनिट कितीले?

काकाजींनी चष्मा काढला, पुसला. "14 च हाय सर. सोलरचे पाटे पुसाले मानूस लागते ना."

आणि जाता जाता म्हणाले, होळी झाली का तो फ्लेक्स काढा, कूलरची मोटर पाहून घेऊ, कूलरचे महिन्याले तीनशे वेगळे.