श्रावणातली एक कोळंबी

सोमवारी सकाळी बेळगावच्या कॅम्पातल्या मासळीबाजारात माझी अब्रू गेली. एका कोळंबीपायी. पाव किलो नव्हे, वाटा नव्हे, नगाला एक. आणि वार श्रावणी सोमवार.

कोळंबी मला खायची नव्हती. हे मी त्या दिवशी दिसेल त्याला सांगितलं आणि एकालाही पटलं नाही, तेव्हा तुम्हीही ठरवा काय ते. घरी खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत. मोठीत थोडी प्रवाळं आणि दोन क्लाउनफिश, धाकटीत एकटा तारामासा. अंगावर तपकिरी बोंडं, म्हणून धंद्यातलं नाव ‘चॉकलेट चिप’. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा लागतो. एरवी मी पाव किलो आणून तुकडे फ्रीजरला टाकतो. पण श्रावण लागला की आमच्या हिचा कायदा लागू होतो: फ्रीजमध्ये मासळीचा वाससुद्धा नको. तिकडे ३१ जुलैला ट्रॉलरची मासेमारीबंदी संपते आणि इकडे आमची सुरू होते, दोघांनी ठरवल्यासारखी. म्हणून एकेक, ताजी आणायची.

“काय देऊ ओ? सुंगटं? वाटा दोनशे,” मासळीवाली मावशी म्हणाली. कोळंबीला इकडे सुंगट म्हणतात.

“एक द्या.”

“एक वाटा.”

“वाटा नको मावशी. एक सुंगट.”

मावशीनं हातातली सुरी खाली ठेवली.

“अहो, एकच?” मागून आवाज आला. आमच्या गल्लीतले मामा. सोमवारच्या भजनात पेटी वाजवतात. कपाळाला अष्टगंध, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावलेली.

“मला नको मामा. तारामाशाला.”

“माशाला मासा घालतासा?”

“तो मासा नसतो खरं म्हणजे.”

“मासा नव्हे, मग खातोय कशाला?”

इथंच गप्प बसून चालू लागायला हवं होतं. पण आठवीपर्यंत शास्त्रात पैकीच्या पैकी पडलेल्या माणसाला ते जमत नाही. मी सांगितलं, त्याला रक्त नसतं, मेंदू नसतो. समुद्राचं पाणीच अंगातल्या नळ्यांतून फिरवतो आणि त्याच्या जोरावर शेकडो बारके पाय चालवतो.

“मेंदू नाही, आणि सुंगट तेवढं कळतंय!”

“वासावर कळतं.”

“वासावर तर कुणालाबी कळतंय ओ,” मामा म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

“आणि जेवतोय कसा?” हे मावशीनं विचारलं. मग मी तेही सांगितलं. घासावर बसतो, आपलं पोट तोंडातून बाहेर काढतो, घासावर पसरतो, बाहेरच पचवतो आणि झालं की पोट परत आत ओढून घेतो. शेजारी एक बाई पापलेट दाबून बघत होत्या, त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि निघून गेल्या.

“सकाळी सकाळी काय बोलालासा! गिऱ्हाईक गेलं की माझं!”

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मयताला गेल्यावर ठेवतात तसा. “हे बघा. जीभ आहे म्हटल्यावर होतंय असं. एका सुंगटानं काय महादेव कोपत नाही. खरं, त्यासाठी एवढी मोठी गोष्ट रचायला नको होती. मी काय कुणाला सांगत नाही.” मग आवाज उतरवून: “आणि पिशवी अशी रिकामी आणू नये ओ. वर कोथिंबीर असावी.”

मी दहाची नोट काढली. मावशीनं घेतली नाही. “असूदे, न्या. पोटाला कुणी अडवू नये.” सरकारी पगार घेणारा माणूस मी, मासळीबाजारात धर्मादाय कोळंबी घेऊन बाहेर पडलो.

रेल्वेच्या दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं. तिथं थांबल्यावर डोक्यात उजेड पडला: कोथिंबीर घ्यायला मासळीबाजारात कोण जातं? हे तिथल्या तिथं विचारायला हवं होतं. मालगाडी होती, डबे संपेचनात, आणि मी एकेका डब्याला मामांना विचारत होतो.

एवढी चौकशी तारामासा विकणाऱ्यानं केली असती तर! दुकान कुठलं ते जाऊ दे. माझा पहिला तारा निळा होता, लिंकिया. बघितल्यावर पाकीट आपोआप उघडतं असा निळा. “ह्याला काही घालायला लागत नाही,” दुकानदार म्हणाला. “काचेवरचं खाऊन राहतोय.” तो खातो ते जुन्या, मुरलेल्या टाकीत दगडांवर धरलेला बारीक थर. माझी टाकी दोन महिन्यांची, दगड धुतल्या ताटासारखे. पाच महिने तो उपाशी फिरला. तारामासा ओरडत नाही, त्याचं पोट खपाटीला गेलेलं दिसत नाही. एका सकाळी एका हाताचं टोक पांढरं, लिबलिबीत झालं, दुसऱ्या दिवशी तुकडे पडले. फोन केला तर, “पाण्यात काहीतरी असेल. दुसरा न्या, कमी करून देतो.” दुसरा म्हणजे हा. “प्रवाळाला अजिबात तोंड लावत नाही,” अशा खात्रीनं दिलेला. तिसऱ्या रात्री टॉर्च मारला तर माझ्या मश्रूम प्रवाळावर हा पोट पसरून बसलेला. म्हणून दुसरी टाकी, दुसरा हीटर, दुसरा खर्च. वाळू चाळणारा तारा घेतला असता तर त्यानं वाळूतले जीव संपवून मग उपासच काढला असता. नवशिक्यानं घ्यावा तो काळपट, सापासारख्या हातांचा ब्रिटल स्टार, उरलंसुरलं खाऊन गुमान राहतो. त्यातलाही हिरवा नको, तो रात्री मासे धरतो. पण ब्रिटल दिवसभर दगडाखाली, दिसत नाही, म्हणून दुकानदार तो दाखवतच नाहीत. आणि मीही विचारलं नव्हतं. चप्पल घेताना मी जास्त प्रश्न विचारतो.

घरी ही म्हणाली, “कुणी सांगितलं होतं?” तिचं बरोबर आहे. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, बादलीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ कालवून समुद्र करा, असं बेळगावात मला कुणीच सांगितलं नव्हतं. लांब चिमट्यानं मी त्याचा एक हात उचलला, तुकडा खाली सरकवला. बारक्या पायांनी तो मधे ओढला गेला आणि तारा मधोमध फुगला, तव्यावरच्या भाकरीसारखा. कोळंबीचं उरलेलं क्लाउनफिशना गेलं. धर्मादाय असली तरी वाया गेली नाही.

संध्याकाळी भजनाहून ही परत आली ती गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मामी विचारत होत्या, भाऊजींना अशक्तपणा आलाय काय? डॉक्टरांनी रोज एक सुंगट सांगितलंय म्हणे.”

गुरुवारी परत जावं लागलं. आधी कोथिंबीर घेतली. जुडी पंधरा रुपये, कोळंबीपेक्षा महाग पडली.