वायफाय आलं म्हणून लॅनची वायर बाद झाली? अजिबात नाही

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. वायफाय सिक्स (वायफायची सहावी पिढी) आल्यावर घरात लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, वायरवरचा पीसी आणि वायफायवरचा लॅपटॉप तसेही एकमेकांना दिसत नाहीत, रेंज कमी पडली तर रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावा, आणि वायर टाकायचीच असेल तर कॅट एट (नेटवर्क वायरची वरची श्रेणी) टाका. लोक हे वाचून खरंच खर्च करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्पीड आधी. राउटरच्या बॉक्सवरचा मोठा आकडा म्हणजे बहुतेक वेळा सगळ्या बँडची (वायफायच्या वेगवेगळ्या लहरींच्या पट्ट्यांची) बेरीज असते, एकट्या लॅपटॉपला तेवढं कधीच मिळत नाही. दोन अँटेनांचा वायफाय सिक्स लॅपटॉप ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जास्तीत जास्त १२०१ एमबीपीएसला (सेकंदाला मेगाबिट) कनेक्ट होतो, तेही राउटरजवळ बसून, आणि फाइल कॉपी करायला गेलं की त्यापेक्षा बरंच कमी हाती लागतं, मधे भिंत आली की अजून खाली. वर त्याच चॅनलवर शेजाऱ्याचा राउटर असेल तर त्याचं बोलून होईपर्यंत थांबायचं. साधी कॅट फाइव्ह ई वायर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (म्हणजे १००० एमबीपीएस) देते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, आणि हे स्टँडर्ड १९९९ पासून आहे. पीसी आणि टीव्ही जागचे हलत नाहीत, ते वायरवर टाकले की वायफाय मोबाइलसाठी मोकळं होतं, हे मेसेजमधे कुठेच नाही.

एकमेकांना दिसत नाहीत हे तर साफ चूक. राउटरचे लॅन पोर्ट आणि वायफाय आतून एकाच नेटवर्कवर असतात. दिसत नसेल तर दोन्हीकडचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघा. एकीकडे १९२.१६८.१.१० आणि दुसरीकडे १९२.१६८.०.२३ असं दिसलं तर कोणीतरी दुसरा राउटर वॅन पोर्टातून (इंटरनेटची वायर लावायच्या पोर्टातून) जोडलाय आणि त्याने आपलं वेगळं नेटवर्क केलंय. त्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देईल. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पहिल्याच नेटवर्कमधला पण मोकळा असलेला द्या, डीएचसीपी (आयपी वाटायची सोय) बंद करा आणि वायर लॅन पोर्टात लावा. आयपी जुळतायत तरी दिसत नाही? मग लॅपटॉप गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेलं) असेल, नाहीतर विंडोजमधे नेटवर्क पब्लिक असेल, ते प्रायव्हेट करा.

साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि तेच परत पाठवतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो, आणि लोक तो लावतात कुठे तर जिथे सिग्नल आधीच मेलाय तिथे! त्या खोलीपर्यंत वायर न्या आणि तिथे अॅक्सेस पॉइंट लावा.

कॅट एट डेटा सेंटरसाठी आहे, ४० जीबीपीएस, तेही ३० मीटरपर्यंतच. घरातले पोर्ट १ किंवा २.५ जीबीपीएसचे, त्यांना कॅट सिक्स भरपूर झाली, फक्त आत शुद्ध तांबं हवं, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम नको. आणि क्रिंप झाल्यावर (वायरच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवल्यावर) कॉम्प्युटरवर लिंक स्पीड बघाच, गिगाबिट पोर्ट असून १००० च्या जागी १०० दिसलं तर वायरमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नाही, कनेक्टर कापून परत मारा.