पाटी काढा म्हणणाऱ्यांना

'या गावातून इतके इसम १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले.' चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली अशा मजकुराची दगडी पाटी आपल्याकडच्या बऱ्याच गावांत आहे. तिच्याबद्दल सध्या एक संदेश फिरतोय: पाटी म्हणजे गुलामीची खूण, गेलेले सगळे इंग्रजांचे भाट, मेले ते युरोपात गोऱ्यांसाठी, आणि नावं इंडिया गेटवर आहेतच, तेव्हा पाटी उखडा.

आधी भाटगिरी. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. कोरडवाहू तुकडा आणि त्यावर चार भाऊ, अशा घरात ही रोकड म्हणजे सावकाराचं तोंड बंद करायची सोय. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची ४६ माणसं त्या युद्धात कामी आली, ती काय बादशहाच्या प्रेमापोटी? आणि भरतीला पाठिंबा देणारा प्रत्येक जण भाट असेल, तर टिळकांचं काय करायचं? हिंदी माणसाला लष्करात अधिकारपद देण्याचं वचन सरकारकडून मिळवा, मी पाच हजार मराठी जवान देतो, अशी पैज लावून त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक धाडला होता. गांधीजींनी तो परत केला, ते निराळं.

युरोपाचं म्हणाल, तर काही मराठी माणसं तिकडेही गेली. पण मराठा पलटणींचा मोठा भाग लढला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला, तेव्हा आत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे कापायची पाळी आली, आणि धर्म बुडेल म्हणून कित्येक शिपायांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली, त्यातली हजारो परतली नाहीत.

आता इंडिया गेट. हा दावा ऐकायला बरा, पण खोटा. स्मारक सत्तर हजारांचं म्हणतात. कोरलेली नावं तेरा हजारांच्या आसपास, आणि तीही बहुतेक वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. मेसोपोटेमियात मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. गावच्या पाटीवरही आकडाच. म्हणजे कूतला गेलेल्या शिपायाचं नाव दिल्लीत नाही, बसऱ्यात नाही, स्वतःच्या गावातही नाही. गावात ते राहिलं फक्त घरच्यांच्या तोंडी, 'आमचे थोरले आजोबा लढाईवर गेले ते गेलेच' एवढ्यापुरतं.

राहिली गुलामीची खूण. ती आहेच, मी नाकारत नाही. सरकारला माणसं मोजायची होती, नावाशी देणंघेणं नव्हतं. १११ क्रमांकाची महार पलटण १९१७ ला उभी केली आणि गरज सरताच १९२१ ला मोडली, तीच ही वृत्ती. पण पाटी उखडली की उरलेला आकडाही जातो, आणि त्या घरांकडे दाखवायला काहीच राहत नाही.

उखडण्यापेक्षा शेजारी नावांची दुसरी पाटी लावा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शिपायाचं नाव, पलटण, तारीख, आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुकाही त्यात मिळतो. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं आहे, तेव्हा चार-पाच तऱ्हांनी शोधा.