रॅम ‘साफ’ करायची नसते, वाटून द्यायची असते

‘लिनक्स सर्व्हर स्लो झालाय? नवी रॅम घेऊ नका, हे पाच उपाय करा’ हा मेसेज आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा तो माझ्या भाच्यानेच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, पहिला उपाय टाकला बरं का सर्व्हरवर.’ भाचा लातूरला असतो. मार्केट यार्डातल्या काही आडत्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) ज्या सर्व्हरवरून निघतात, तो त्याच्या ताब्यात आहे. सोयाबीनची आवक जोरात आहे. त्यामुळे आता लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं असं: लिनक्स रॅम अडवून ठेवतं, म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावून दर तासाला कॅशे (डिस्कवरून वाचून रॅममध्ये जवळ ठेवलेला डेटा) रिकामी करा. स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) कायमचं बंद करा. डेटाबेसला नाइस (सीपीयूसाठीचा अग्रक्रम) उणे २० द्या, म्हणजे सगळ्यांत वरचा, म्हणजे त्याच्यासाठी सीपीयू राखीव होतो. सगळ्या महत्त्वाच्या प्रोसेस ओओएम किलरच्या (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेच्या) यादीतून काढा. आणि सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटाने किती सीपीयू-मेमरी वापरावी हे ठरवणाऱ्या सोयीच्या) मर्यादा क्लाउडवाल्यांसाठी असतात, छोट्या सर्व्हरला त्यांची गरज नाही.

पहिला उपाय सगळ्यांत घातक, म्हणून त्यावरच जास्त बोलतो. मेसेजमध्ये ‘फ्री’ कमांडचा स्क्रीनशॉट आहे आणि ‘फ्री’ रकान्याला लाल गोल केलाय. बघायचा रकाना तो नाहीच. रिकामी पडलेली रॅम कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवरून वाचलेल्या फाइली जवळ ठेवायला वापरतं आणि एखाद्या प्रोग्रामने मागितली की त्यातली बरीचशी लगेच सोडून देतं. नव्या प्रोग्रामला खरोखर किती मिळू शकेल, याचा अंदाज ‘अव्हेलेबल’ रकान्यात असतो. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून हा आकडा कर्नल स्वतः काढून देतं. भाच्याच्या १६ जीबीच्या सर्व्हरवर ‘फ्री’खाली ४०० एमबी होते, पण ‘अव्हेलेबल’खाली जवळजवळ ११ जीबी. त्या घडीला तंगी नव्हतीच.

त्यात डेटाबेस पोस्टग्रेस. पोस्टग्रेसचा मॅन्युअलच सांगतो की शेअर्ड बफर्स (त्याची स्वतःची कॅशे) सुरुवातीला रॅमच्या २५ टक्के ठेवा, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टमच्या कॅशेवरही विसंबून असतो. म्हणजे ‘साफ’ केलेली रॅम म्हणजे त्याच्याच हाताशी असलेला डेटा. भाच्याला म्हटलं, व्हीएमस्टॅट (मेमरी, डिस्क, सीपीयूचे आकडे ओळीओळीने दाखवणारी कमांड) लावून ठेव आणि तास भरायची वाट बघ. तास भरला. ‘फ्री’चा आकडा झपकन वर गेला, आणि पुढच्याच ओळीपासून ‘बीआय’, म्हणजे डिस्कवरून वाचलेले ब्लॉक, शेकड्यांतून हजारांत गेले. ‘डब्ल्यूए’ फुगला, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत रिकामा बसला. काउंटरवर पट्टी अडकली आणि माल विकून पैशासाठी थांबलेला शेतकरी खिडकीशी ताटकळला. लोक या उपायावर विश्वास का ठेवतात तेही इथेच कळतं: स्क्रीनशॉटमधला आकडा सुधारतो आणि काम बिघडतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, कर्नलचा स्वतःचा दस्तऐवज वाचा. मेमरीच्या (व्हीएम) सेटिंगांत ड्रॉप_कॅशेसपाशी, म्हणजे कॅशे रिकामी करणाऱ्या फाइलीपाशी, स्पष्ट लिहिलंय की ही फाइल कॅशेची वाढ आटोक्यात ठेवण्याचं साधन नाही. टाकून दिलेलं परत उभं करायला डिस्क आणि सीपीयू दोन्हींवर मोठा भार येऊ शकतो, म्हणून चाचणी किंवा दोष शोधण्यापलीकडे ती वापरू नये. तुमच्याकडे आधीच्या कुणी हा उद्योग करून ठेवलाय का, हे डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘ड्रॉप_कॅशेस: ३’ शोधून बघा. कर्नल सहसा तशी नोंद ठेवतं.

स्वॅपच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. कुबरनेटीस (अनेक मशीनवर प्रोग्राम वाटून चालवणारी यंत्रणा) बरीच वर्षं स्वॅप चालू असलेल्या मशीनवर सुरूच व्हायला तयार नसे, आणि हा सल्ला बहुधा तिथूनच निघाला असावा. पण भाच्याचा सर्व्हर म्हणजे कुबरनेटीस नव्हे. स्वॅप नसेल तर कित्येक तास कुणी हात न लावलेली प्रोग्रामची मेमरीही रॅममध्येच अडून राहते, आणि जागा करायला कर्नलला फाइलींची पानं, अगदी चालू प्रोग्रामचा कोडसुद्धा, काढावा लागतो. स्वॅपिनेस (स्वॅप वापरण्याकडे कर्नलचा कल) कमी करा, स्वॅप काढू नका.

नाइसने काहीही राखीव होत नाही. तो वाटणीचं वजन ठरवतो, आणि तेही मागणारे जास्त असतील तेव्हाच. जायकवाडीच्या कालव्यावर वरच्याने दारं उघडलीच नाहीत तर टेलच्या, म्हणजे शेवटच्या, गावालाही भरपूर पाणी मिळतं. हिश्श्याचा प्रश्न येतो तो पाळीला सगळे एकदम उभे राहिले की. उणे २० चं वजन शून्य नाइसच्या ८० पटींहून जास्त असतं, म्हणजे गर्दीच्या वेळी तुमचं एसएसएचसुद्धा (दुरून सर्व्हरवर शिरायची वाट) उपाशी राहील. शिवाय सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) सीपीयूचे गट पाडलेले असतील तर नाइस त्या गटाच्या आतच चालतो. आणि इथे अडचण डिस्कची होती, सीपीयूची नव्हतीच.

ओओएम किलरचा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच फसवा आहे. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला उणे १००० (म्हणजे हिला मारू नका) द्या, हे त्यांच्या मॅन्युअलमध्येच आहे. पण तिच्या पोटातल्या प्रोसेस परत शून्यावर आणा, हेही तिथेच लिहिलंय आणि मेसेजने ते गाळलंय. सगळ्यांनाच सूट दिली तर मारण्याजोगं कुणी उरत नाही, आणि मेमरी संपली की कर्नल पॅनिक होऊन अख्खं मशीन जातं.

शेवटचा दावा मात्र डोकं फिरवणारा आहे. एका मशीनवर अनेक कामं चालतात आणि एकाने दुसऱ्याचं खाऊ नये, हा प्रश्न क्लाउडच्या आधीचा आहे. सोलॅरिस या युनिक्समध्ये फेअर शेअर शेड्युलर होता, एआयएक्स या दुसऱ्या युनिक्समध्ये वर्कलोड मॅनेजर. लिनक्समध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये काम सुरू केलं आणि २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये सीग्रुप आलं. आज सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिस आपापल्या सीग्रुपमध्येच चालवतं. सोय तुमच्या छोट्या सर्व्हरवर आधीपासून आहे, फक्त आकडे भरायचे राहिलेत.

भाच्याच्या सर्व्हरला खरा त्रास देत होता तो आडत्यांच्या उधारीचा रिपोर्ट. तो भर दुपारी चालायचा आणि सगळी मेमरी ओढायचा. त्याच्या सर्व्हिसला आम्ही सीपीयूवेट (सीपीयूच्या वाटणीतलं वजन) २० दिलं (नेहमीचं १०० असतं), मेमरीहाय २ जीबी आणि मेमरीमॅक्स ३ जीबी. हायच्या वर गेला की कर्नल त्याला मंदावतं आणि त्याचीच मेमरी परत घेतं. मॅक्स ओलांडायला गेला आणि काहीच परत मिळेना, तर ओओएम किलर त्या गटापुरताच चालतो आणि पट्ट्या निघत राहतात. कोण किती खातंय हे सिस्टमडी-सीजीटॉपमध्ये दिसतं.

एवढं करूनही तंगी राहिली तर मेमरीची तंगी मोजणारी प्रॉक/प्रेशर/मेमरी ही फाइल बघा. ती २०१८ च्या शेवटी आलेल्या ४.२० कर्नलपासून आहे. रेड हॅट लिनक्सच्या ८ आणि ९ या आवृत्त्यांत ती बूटच्या वेळी पीएसआय=१ देऊन चालू करावी लागते. ‘फुल’ ओळीतली (सगळी कामं एकदम मेमरीसाठी अडल्याच्या वेळेची) सरासरी कामाच्या वेळी सतत वर राहत असेल तर रॅम खरंच कमी आहे. ते आकडे मालकासमोर ठेवा आणि नवी रॅम मागून घ्या.