ओटीपी कुणालाही सांगू नये

जर्मनीहून कायमचा परत आलो, तेव्हा मला कशाकशाचा त्रास होणार हे नातेवाइकांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आत्याने फिल्टरचं पाणी पुन्हा उकळून, वर गाळून ठेवलं. काकांनी माझं मनगट धरून मला कर्वे रस्ता ओलांडून दिला. धूळ, हॉर्न, शेजारच्या बांधकामाचं ड्रिल, हे सगळं याला झेपणार का, ही घरोघरी चिंता. खरं म्हणजे ते आठवड्याभरात अंगवळणी पडलं. माझी गाडी अडली ती भलतीकडेच. मागासलेल्या देशातून प्रगत देशात आलेल्या माणसाचे जे हाल होतात, ते माझे पुण्यात झाले.

हे कुणाला पटत नाही. जर्मनी म्हटलं की लोकांना मर्सिडीज दिसते, फॅक्स दिसत नाही. 2020 साली करोनाच्या ऐन धुमाकुळात तिथली आरोग्य कार्यालयं रुग्णांची माहिती फॅक्सने पाठवत होती. बँकेच्या कार्डाचा पिन टपालाने घरी येतो. कोपऱ्यावरच्या बेकरीत कार्ड पुढे केलं, तर बाई अशी बघते, जणू मी पावाऐवजी तिचं मंगळसूत्र मागितलंय. (मंगळसूत्र तिकडे नसतं, पण नजर तीच.) तेव्हा पाकिटात नोटा आणि खिशात चिल्लर, हा माझ्यावर झालेला अस्सल युरोपीय संस्कार. तो घेऊन मी भाजीच्या गाडीपुढे उभा राहिलो.

मेथीची जुडी, वीस रुपये. मी पाचशेची नोट काढली. मावशींनी नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तराजूला टांगलेला क्यूआर कोड माझ्या तोंडासमोर धरला.

“स्कॅन करा दादा. सकाळी सकाळी सुट्टे कुठनं आणू?”

यूपीआय नाही म्हटल्यावर मागे शांतता पसरली. मग एका आजींनी पर्समधून फोन काढून माझे वीस रुपये भरून टाकले. मी घरचा पत्ता विचारला, तर म्हणाल्या, “राहू दे रे, पडतात माणसाचे दिवस फिरलेले.”

यूपीआय नाही, कारण नंबर नाही. 90 दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊन मोकळी होते. माझा तसाच गेला. परदेशी नंबरावर यूपीआय चालवायची सोय 2023 मध्ये झाली, पण त्या पहिल्या दहा देशांत ओमान होता, कतार होता, जर्मनी नव्हता. म्हणून इथे नवा नंबर घेतला आणि तो नोंदवायला बँकेत गेलो.

“सर, जुन्या नंबरवर ओटीपी गेलाय, सांगा.”

“तो बंद झालाय म्हणून तर आलोय.”

“हो का? मग आधारवरून करू.” टकटक, टकटक. “आधारच्या नंबरवर गेलाय बघा.”

आधारचा नंबरही तोच. काउंटरवरची मुलगी इतकी गोड बोलत होती की भांडायचीही सोय नव्हती.

घरी येऊन मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. बार्शीच्या एका गृहस्थांनी उचलला. नाव सांगताच हर्ष मावेना. “अहो, तुम्हीच का ते! कधी आलात? तुमच्या वाढदिवसाला विमावाल्यांच्या शुभेच्छा येतात, मी थँक्यू पाठवतो बरं का.” माझं खातं, माझी पॉलिसी, माझा गॅस यांची इतकी आपुलकीने चौकशी सख्ख्या भावानेही केली नव्हती. मी धीर करून म्हटलं, मघाशी एक ओटीपी आला असेल.

“आलाय की. दोन आलेत.”

“सांगता का जरा?”

पलीकडे आवाज एकदम सरकारी झाला. “नाही साहेब. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. त्यातच लिहिलंय.”

शेवटी आधार केंद्रात रांग लावली. तिथे बोटांचे ठसे चालतात, ओटीपी लागत नाही. मग पुन्हा बँक, पुन्हा ती गोड मुलगी, आणि झालं एकदाचं. आता मी शेंगदाण्याची पुडीसुद्धा स्कॅन करून घेतो.

महापालिकेत नंबर बदलायचा मात्र अजून राहिलाय. परवा बार्शीहून फोन आला. “साहेब, घरपट्टीचा मेसेज आलाय तुमचा. 31 मेच्या आत भरा, सूट आहे. गेल्या वर्षी घालवलीत तुम्ही.”