पाइपाखाली उभे कॅरिबू

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय. फोटोत अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या तेलाच्या पाइपाजवळ कॅरिबूंचा, म्हणजे तिकडच्या हरणांचा, कळप, आणि खाली तिथं आणखी तेल खोदायच्या बाजूनं मजकूर: 'तेल निघाल्यापासून कळप दहापटीच्या वर वाढला. जनावरं पाइपाच्या उबेला येतात. जागा लागते फक्त 2,000 एकर. गळतीचा जमाना गेला. आणि ध्रुवाचं आपल्याला काय?' काकांनी त्यावर अंगठा दिलाय, म्हणून लिहितो.

कळप वाढला, खरंय. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुढो बे इथलं तेल 1977 ला सुरू झालं. त्या दशकात तिथल्या कळपात साधारण 5,000 जनावरं होती, 2010 ला 70,000 च्या घरात गेली. मेसेज नेमका इथंच थांबतो. 2016 च्या मोजणीत जेमतेम 23,000 उरली होती. घट तेलामुळंच झाली असं मी म्हणत नाही, पण मग वाढीचं श्रेय तरी तेलाला कसं? बघायच्या त्या व्यायलेल्या माद्या. वासरं लहान असताना त्या रस्त्या-पाइपांपासून काही किलोमीटर लांब सरकल्या. तिथं सरकायला रान होतं. आता खोदायचं घाटतंय ते पूर्वेकडच्या अभयारण्यात, आणि तिथं डोंगर ते समुद्र ही पट्टी कुठं 25, कुठं 60 किलोमीटर. सरकून जायचं कुठं?

ऊब वगैरे काही नाही. उन्हाळ्यात डास-माश्यांनी जीव नकोसा झाला की कॅरिबू खडीच्या उंच भरावावर येतात, तिथं वारा लागतो. आपली गुरं पावसाळ्यात रात्री डांबरी रोडवर येऊन बसतात, ते काय ट्रकवाल्यानं सोय केली म्हणून?

या अभयारण्यातल्या खोदाईला 2,000 एकर लागतात, हा हिशेब म्हणजे विजेच्या टॉवरचे फक्त पाय मोजायचे. वरच्या तारा, म्हणजे इथं खांबांवरून जाणारा पाइप, त्यात धरतच नाहीत.

गळती? 1989 ला एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं त्यात याच प्रुढो बेचं तेल होतं, 4 कोटी लिटर सांडलं. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि 2,800 समुद्री पाणमांजरं गेली. पाणमांजराच्या अंगावर चरबीचा थर नसतो. केसांना तेल लागलं की ते थंडीनंच मरतं. बरं, ते जहाज होतं, जुनी गोष्ट म्हणा. पण 2006 ला प्रुढो बेतच गंजलेल्या पाइपातून जवळपास 8 लाख लिटर तेल गेलं, आणि काही दिवस कुणाला पत्ता नव्हता.

राहिलं 'आपल्याला काय'. रशियात सायबेरियातलं वांकोर तेलक्षेत्र आर्क्टिक वृत्ताच्या वर, म्हणजे त्याच ध्रुवाकडच्या भागात आहे. 2016 मध्ये भारताच्या सरकारी कंपन्यांनी त्यात 49.9 टक्के हिस्सा घेतला. काका, त्यातल्या एका कंपनीच्या पंपावर आपण ट्रॅक्टरला डिझेल भरतो.