टाकीतून निघालेली प्रत्येक फळी हिरवीच असते: एका लाकूड-गिरणीमालकाला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा कळलं की निम्मा दोष माझ्या लिहिण्याचा आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घराबाहेर उघड्यावर बांधायच्या लाकडी डेकचा, म्हणजे फळ्यांच्या ओट्याचा, धंदा वाढतोय, पण माल उतरत चाललाय, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी कॉम्पोझिटवाल्यांची, म्हणजे भुसा आणि प्लास्टिकच्या फळ्या विकणाऱ्यांची, तळी उचलतो, स्पर्धेने भाव उतरला तर गिऱ्हाइकाचाच फायदा होतो, आणि ज्याला गिरणीचा हिशेब कळत नाही त्याने लाकडावर लिहू नये.

शेवटचं आधी घेतो. गिरणी मी चालवलेली नाही. 2021 मध्ये घरात अडकलेल्या प्रत्येकाला बाहेर बसायला जागा हवी झाली. मे महिन्यात अमेरिकेच्या वायदे बाजारात लाकडाचा हजार बोर्ड फुटांचा (बोर्ड फूट हे कापीव लाकडाचं माप) भाव 1,600 डॉलरच्या वर गेला आणि ऑगस्टपर्यंत त्याच्या जेमतेम एक तृतीयांशावर आला. चढ्या भावाने माल भरून बसलेल्या वखारींचं काय झालं असेल ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. लेखात हा सगळा काळ मी ‘वाढ’ या एका शब्दात गुंडाळला. ते चुकलं, मान्य.

पण भाव उतरला की गिऱ्हाइकाचा फायदा, हे या मालात मला पटत नाही. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं, नेमकं तेच त्याला दिसत नाही.

भिंतीवरच्या फळीवरून पाणी ओघळून जातं, डेकच्या फळीवर ते बसून राहतं. पाइनसारख्या मऊ लाकडाला ते झेपत नाही, म्हणून त्याला टाकीत घालून औषध पाजतात. रीत जुनीच आहे. जॉन बेथेल यांनी 1838 साली पेटंट घेतलं ती. आधी टाकी निर्वात करून लाकडातली हवा ओढून घ्यायची, मग दाबाखाली औषध आत रेटायचं. त्या काळी ते क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेलं तेल, होतं. पुढे ज्याने जगभर जम बसवला ते तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण सोंटी कामेसम यांनी 1933 साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तयार केलं. (परदेशातल्या अंगणांमधल्या फळ्यांची ती हिरवट झाक डेहराडूनहून निघाली, हे सांगायची संधी मी सहसा सोडत नाही.)

आता तुम्हाला पाठ असलेलं, पण वाचकांसाठी. ओलं लाकूड औषध पीत नाही. ते आधी वाळवावं लागतं, आणि त्यात भट्टी, जागा आणि दिवस जातात. बुंध्याचा बाहेरचा पांढरा भाग औषध घेतो, गाभा जवळजवळ घेत नाही. त्यातही पाइनचा पांढरा भाग भराभर पितो, तर स्प्रूस नुसतं वरवर भिजतं. पण टाकीतून बाहेर येताना तांब्यामुळे सगळ्याच फळ्या हिरव्या. नीट वाळवून हवा तितका वेळ टाकीत ठेवलेली फळी आणि घाईघाईत बुचकळून काढलेली फळी शेजारी ठेवा. पहिलीत औषध पांढरा भाग संपेपर्यंत गेलेलं असतं, दुसरीत नखाच्या जाडीएवढं. वरून कोणालाच ओळखता येणार नाही, मला तर नाहीच. मग गिऱ्हाईक स्वस्त फळी उचलतं, आणि ते शहाणपणाचंच वागतं, कारण महाग फळी का महाग आहे हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं.

पुढे सुतार ती मापाला कापतो. कापल्या तोंडाला औषध लावायचं असतं, ते लावलं जातंच असं नाही. हिरव्या कातडीच्या आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि बुरशीला आयतं दार मिळतं. चांगल्या फळीत हा हलगर्जीपणा बराच काळ खपून जातो, पातळ कातडीच्या फळीत खपत नाही. काही वर्षांनी पायाखाली फळी दबते आणि घरमालक म्हणतो, लाकूड टिकत नाही. कोणत्या गिरणीचं लाकूड, कोणत्या वर्गाचं, हे त्याला आठवत नसतं. तुम्ही चोख माल दिला असला तरी त्या वाक्यात तुम्हीही येता.

युरोपच्या ईएन 335 या मानकात वापराचे वर्ग ठरवून दिलेत. जमिनीपासून वर, उघड्यावरच्या लाकडाला वर्ग 3, मातीला किंवा गोड्या पाण्याला कायम टेकलेल्याला वर्ग 4. म्हणजे विचारायचं काय, हे तयार आहे. विचारलं जात नाही, आणि विक्रेत्याला आपणहून सांगण्यात रस नसतो, कारण सांगितलं की भावाचं समर्थन करावं लागतं.

लाकडाची बदनामी अशी फुकटात झाल्याचं आणखी एक उदाहरण. 2003 अखेर अमेरिकेत उत्पादकांनी आर्सेनिकचं मिश्रण घरगुती कामातून काढून घेतलं. नव्या औषधांत तांबं जास्त, आणि जास्त तांबं म्हणजे लोखंडी स्क्रूला जास्त गंज. सवयीचे जुनेच स्क्रू मारत राहिलेल्यांना तो भोवला. खरा उपाय जाड जस्त चढवलेल्या किंवा स्टेनलेस स्क्रूचा होता, पण शिव्या मात्र नव्या लाकडाने खाल्ल्या.

ब्रिटनचंही तसंच. 1990 च्या दशकाच्या शेवटी टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमांनी तिथे डेकची हौस घरोघरी नेली. खाचांच्या फळ्या धडाधड विकल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी सावलीत, निचऱ्याचा विचार न करता ठोकल्या गेल्या. शेवाळ धरलं, लोक घसरले, आणि डेक म्हणजे घसरगुंडी हा विनोद तिथे अजून चालतो. नुसती विक्री पाहिली तर त्या वर्षांत वाढच होती.

आता कॉम्पोझिट. मी त्यांचा वकील नाही. ट्रेक्स ही कंपनी 1996 साली मोबिल या तेल कंपनीच्या एका विभागातून उभी राहिली. भुसा आणि टाकाऊ प्लास्टिकची पातळ फिल्म एकत्र करून फळी बनवायची, ही कल्पना. सुरुवातीच्या वर्षांतल्या कॉम्पोझिट फळ्यांच्या पृष्ठभागावर भुसा उघडा होता. तो पाणी प्यायचा, डाग आणि बुरशी धरायचा, रंग उडायचा. 2010 च्या सुमारास प्लास्टिकचं कवच चढवलेल्या फळ्या सर्रास झाल्या तेव्हा ते बरंचसं आटोक्यात आलं. आजही ही फळी उन्हात लांबीला वाढते, लाकूड लांबीला जवळपास हलत नाही. गडद रंगाच्या फळीवर भर दुपारी अनवाणी उभं राहून पाहा. तिला खालचे आधारही एकमेकांच्या जास्त जवळ द्यावे लागतात, नाहीतर मधे झोळ पडतो.

मग ती खपते कशी? जाहिरातीवर, असं तुम्ही म्हणता. थोडं खरं आहे. पण तिच्यासोबत 25 वर्षांची, काही मालाला 50 वर्षांची लेखी हमी मिळते. त्या हमीतल्या बारीक अटी मी वाचल्यात, त्या काही फार उदार नाहीत. तरीही हिरव्या फळीच्या थप्पीवर जे कधीच नसतं ते तिथे असतं: कोणाचं तरी नाव आणि एक आकडा. 2025 मध्ये फायबर सिमेंटसाठी ओळखल्या जाणाऱ्या जेम्स हार्डीने टिंबरटेक या नावाच्या डेकच्या फळ्या बनवणारी एझेक ही कंपनी विकत घेतली, ती एवढ्या मोठ्या रकमेला, की हे खेळाडू आता गिरणीशी नाही, एकमेकांशी स्पर्धा करतायत.

गंमत म्हणजे त्यांची फळी उलटून खाली पाहिलं तर बहुतेक ठिकाणी वासे तुमचेच असतात, औषध पाजलेल्या पाइनचे. वर 25 वर्षांची हमी आणि खाली विचारूच नका. मागच्या लेखात हे यायला हवं होतं, कारण तुमच्या धंद्याची खरी जागा इथे आहे. आता ते पोलादी सांगाडेही विकू लागलेत, तेव्हा ही जागाही फार काळ आंदण मिळणार नाही.

उष्ण कटिबंधातलं कठीण लाकूड मी मागच्या लेखात फारच सहज सुचवलं, हा तुमचा आक्षेप बरोबर. इपे (रस्त्याकडेला फुलणाऱ्या टॅबेबुयाचं भावंड) आणि कुमारू ही दोन्ही 25 नोव्हेंबर 2024 पासून साइटीस या, धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, त्यामुळे निर्यातीला परवाना लागतो. तो रस्ता अरुंद होणार, आणि व्हायलाच हवा.

लाकूड हमी देऊच शकत नाही, हे मात्र मी ऐकणार नाही. नेदरलँड्समध्ये आर्नहेमला रेडिआटा पाइनवर रासायनिक प्रक्रिया करून अ‍ॅकोया बनतं, त्याला जमिनीपासून वरच्या वापरासाठी 50 वर्षांची हमी आहे. फिनलंडमध्ये 200 अंशांच्या आसपास तापवलेलं लाकूड 1990 च्या दशकापासून रुळलंय. दोन्ही साध्या पाइनपेक्षा महाग आणि तरी विकली जातात, कारण महाग का, ते विकणारा पहिल्या मिनिटात सांगतो.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, “मग गिरणीने करायचं तरी काय?” एक फळी मधोमध कापून काउंटरवर ठेवा, औषध किती आत गेलंय ते दिसू दे. शेजारी स्वस्त थप्पीतली एक कापून ठेवा. तुमची फळी भट्टीत किती दिवस वाळते आणि टाकीत किती वेळ राहते, हे मला लिहून पाठवलंत तर मूळ लेखात दुरुस्ती म्हणून तुमच्या शब्दांत छापेन, एक अक्षर न बदलता.